टांकसाळीची चूक, की कुणाची करामत?

नाणी-नोटांच्या या सदरात गेल्या महिन्यात ‘एरर’ नाण्यांचा, म्हणजे टांकसाळीच्या चुकीमुळे विचित्र निघालेल्या नाण्यांचा, ओझरता उल्लेख झाला आणि संपादकांकडून आलेलं पत्रांचं पाकीट नेहमीपेक्षा जाड निघालं. प्रश्न बहुतेकांचा एकच: माझ्याकडचं नाणं विचित्र आहे, तर मी लखपती झालो का? बहुतेकांसाठी उत्तर ‘नाही’ असंच आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांत डोक्याने वाचता येईल.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच, की हयात पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये प्रेसच्या डाय, म्हणजे ठसे, बनवण्यात आणि बिघडलेल्या डाय दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे नाणं हातात आलं की किंमत नंतर सुचते. आधी डोक्यात येतं ते हे, की बाबा रे, तू कुठल्या यंत्रातून कसा गेलास? पत्रा, ब्लँक (म्हणजे न छापलेली कोरी चकती), कड, ठसा या वाटेवर नेमकं कुठे हे घडलं, ते सांगता आलं तर ती टांकसाळीची चूक. सांगता येत नसेल, तर नाणं बाहेर पडल्यावर कुणीतरी हात मारलाय. आता पत्रांकडे.

एक रुपयाचं स्टीलचं १९९८ चं नाणं सुट्ट्या पैशांत आलं. एका बाजूला कडेचा अर्धगोल तुकडाच नाही. मित्र म्हणतो, ग्राइंडरवर केलंय. खरं-खोटं कसं ओळखायचं?
– यंत्रमाग कामगार, इचलकरंजी

तुमचा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

नाण्याची सुरुवात पत्र्याच्या लांब पट्टीपासून होते. पट्टी पुढे सरकते, वरून पंच बसतात आणि गोल चकत्या खाली पडतात. घरात मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडतात तसंच. वाटी आधीच्या भोकावर जराशी चढली, तर पुढची पुरी एका बाजूला कोरलेली निघते. पट्टी पुरेशी सरकली नाही तर चकतीचंही तेच होतं. याला ‘क्लिप’ म्हणतात. पट्टीच्या टोकाला पंच बसला तर काप सरळ येतो, तोही खरा असू शकतो.

आता पुढची पायरी महत्त्वाची. चकत्या छापण्याआधी एका यंत्रातून लोळवत नेतात आणि त्यांची कड दाबून थोडी उचलतात. नाण्याला जो उंच काठ दिसतो त्याची पायाभरणी तिथे होते. हा दाब चकतीवर एकाच वेळी समोरासमोरच्या दोन बाजूंनी येतो. एका बाजूला तुकडाच नसेल तर तिथे दाब बसत नाही, आणि मग बरोबर समोरच्या बाजूलाही तो बसत नाही. म्हणून खऱ्या क्लिपमध्ये कापाच्या नेमकं समोर काठ दबका, पुसट किंवा पार गायब असतो. याला ‘ब्लेकस्ली परिणाम’ म्हणतात. ग्राइंडरवाल्याला हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी साधत नाही.

तेव्हा भिंग घ्या आणि कापलेली जागा सोडून आधी तिच्या समोरची जागा बघा. मग कापाजवळची अक्षरं बघा. खऱ्या क्लिपमध्ये ब्लँक आधी कापलेलं असतं आणि छाप नंतर बसते. दाब पडला की धातू मोकळ्या जागेकडे सरकतो, त्यामुळे तिथली अक्षरं जराशी ताणलेली, मऊ, बारीक होत गेलेली दिसतात. ग्राइंडरवर अक्षर मध्येच कचकन तुटतं आणि त्याला बर, म्हणजे उसवलेल्या धातूची धार, लागते. फारच लहान क्लिप असेल तर समोरचा काठ फारसा बिघडत नाही, तेव्हा निवाडा या अक्षरांवरच करायचा.

वजन करून काही सिद्ध होत नाही. पूर्ण नाणं २५ मिलिमीटर व्यासाचं आणि ४.८५ ग्रॅमचं असतं. तुमचं कमी भरणारच, मग तुकडा टांकसाळीत गेला असो की गॅरेजमध्ये. तुमच्या फोटोत समोरचा काठ मला दबलेला वाटतोय. मित्राला चहा पाजायला सांगा.

पाच रुपयांच्या पिवळ्या नाण्यावर ५ च्या आकड्यावरच सिंहमुद्रा उलटी आणि खोल उमटली आहे. जुन्या बाजारातला विक्रेता याला ‘लखी’ म्हणतो आणि तीन हजार मागतो. घेऊ का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

घेऊ नका.

लखी कशी होते ते समजलं की हा प्रश्न पुन्हा पडणार नाही. प्रेसमध्ये खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती कॉलर, म्हणजे नाण्याची कड धरून ठेवणारं कडं, असते. छापलेलं नाणं दर ठोक्यानंतर बाहेर फेकलं जायला हवं. कधी ते वरच्या ठशालाच चिकटून राहतं. तेवढ्यात खाली नवं कोरं ब्लँक येतं. त्याला खालून खालच्या ठशाची नेहमीची छाप मिळते, पण वरून ठसा लागतच नाही, चिकटलेलं नाणं लागतं. त्या नाण्याची उघडी बाजूही खालच्या ठशानेच छापलेली असते. म्हणजे नव्या ब्लँकवर दोन्ही बाजूंना तेच चित्र येतं: एका बाजूला उंच आणि सुलट, दुसऱ्या बाजूला खोल आणि आरशातल्यासारखं उलट.

आता तुमच्या नाण्याकडे बघा. एका बाजूला सिंहमुद्रा आहे. दुसऱ्या बाजूला उलटी सिंहमुद्रा आहे, पण तिच्याखाली ५ चा आकडाही आहे. लखी असती तर काट्याचा, म्हणजे आकड्याच्या बाजूचा, ठसा त्या ब्लँकला शिवलाच नसता. मग आकडा आला कुठून? तो आला कारण हे नाणं आधी व्यवस्थित छापून झालं होतं. नंतर कुणीतरी दोन नाणी एकमेकांवर ठेवली, व्हाइसच्या, म्हणजे वस्तू घट्ट आवळणाऱ्या पकडीच्या, जबड्यात धरली आणि दांडा फिरवला. निकेल-ब्रास हे स्टीलपेक्षा मऊ असतं, म्हणून या उद्योगासाठी पिवळं पाच बरं पडतं.

पुरावा नाण्याच्या छाप्याच्या बाजूवरही आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सिंहांची तोंडं चपटी झाली आहेत, उंच भागांवर एकसारखी सपाट चमक आहे. तो व्हाइसच्या जबड्याचा शिक्का. आधी छापलेलं नाणं प्रेसमध्येच अडकून त्याच्यावर पुन्हा ठोका बसला, असा दुर्मीळ प्रकार असतो आणि त्यात आकडा व उलटी मुद्रा दोन्ही दिसू शकतात. पण मग छाप्याच्या बाजूवरही दुसऱ्या ठोक्याची नवी, धारदार छाप दिसते. चपटेपणा दिसत नाही.

खरी लखी बघायची असेल तर एखाद्या नाणे प्रदर्शनात जा आणि हातात घेऊन बघा. खोलगट बाजूच्या तळाशीसुद्धा मूळ झळाळी असते. दाबलेल्या नाण्यात ती झळाळी मेलेली असते.

रुपयाच्या नाण्यावर सिंहमुद्रेपासून कडेपर्यंत केसासारखी रेघ आहे. ओरखडा म्हणायचा की एरर?
– बसवाहक, लातूर

डोळे मिटा आणि नख फिरवा. रेघ वर उचललेली लागली तर ठसा तडकला होता: ठशातली भेग म्हणजे खाच, आणि त्या खाचेत धातू शिरला की नाण्यावर उंच रेघ येते. नख खाली गेलं तर ओरखडा. ओरखड्याच्या काठाला उसवलेला धातूही हाताला लागतो.

स्टेनलेस स्टील हा धातू ठशांचा कर्दनकाळ आहे. त्यामुळे १९९२ नंतरच्या स्टीलच्या नाण्यांवर अशा तड्यांच्या रेघा काही नवलाच्या नाहीत. तुमचा खजिना तिकिटाच्या बॅगेतून रोज जातो, जमवा हौसेने. मोठा भाव मात्र येणार नाही. तडा वाढत जाऊन ठशाचा कडेचा तुकडाच निखळला, तर नाण्याच्या काठाला एक गुळगुळीत, बिनअक्षरांचा उंच गोळा येतो. तसं काही सापडलं तर ते बाजूला काढा.

दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग निघून आला. आता नुसतं पिवळं कडं आणि नुसती पांढरी चकती आहे. एका व्हिडिओत अशा कड्याला ‘होल एरर’ म्हणून पन्नास हजार सांगितले.
– गृहिणी, डोंबिवली

ताई, तुमच्याकडे एक मोडकं नाणं आहे.

कडं आणि चकती हे दोन वेगळे ब्लँक असतात. प्रेसमध्ये ते एकात एक ठेवले जातात आणि छापाच्याच ठोक्यात एकमेकांत जखडले जातात: कड्याचा धातू चकतीच्या कडेच्या खोबणीत शिरतो. नंतर तापवून, आपटून किंवा ठोकून ते सुटतात. तुमच्या कड्याच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवा, मधोमध एक उंचवटा लागेल. तो जुन्या जोडाचा माग.

चकतीशिवायच कडं छापलं गेलं असतं तर आतल्या बाजूला धातूला अडवणारं काहीच नसतं. तो आत ओघळला असता, भोक थोडं लहान आणि वाकडंतिकडं झालं असतं आणि आतल्या काठाजवळची नक्षी विरघळल्यासारखी झाली असती. तुमचं भोक कंपासने काढल्यासारखं आहे. उलट बाजूने, नुसती चकती कॉलरमध्ये सैल छापली गेली तर ती पसरते, मोठी होते. तुमची चकती त्या भोकात परत चपखल बसते असं तुम्हीच लिहिलंय. तिथेच निकाल लागला.

या नाण्यातला खरा एरर कसा असतो, तेही सांगतो. चकती एका अंगाला सरकून कड्यावर चढलेली असते, दुसऱ्या अंगाला फट राहते, पण छाप दोन्हीवर अखंड गेलेली असते, कारण ठोका एकच होता. असं घरी करून दाखवा म्हणावं व्हिडिओवाल्याला.

जाता जाता: दहाच्या नाण्यावर दहा रेघा खऱ्या आणि पंधरा खोट्या, ही दुकानदारांची जुनी समजूत दोन पत्रांत आहे. तोवर चलनात असलेली चौदाही प्रकारची दहाची नाणी वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलेलं आहे. रेघा कमी-जास्त म्हणजे नक्षी वेगळी. त्यात ना एरर, ना बनावट.

मुलीने न्यू जर्सीहून क्वार्टरची थैली आणली. नाणं उभं धरून डावी-उजवीकडे फिरवलं तर मागचं चित्र डोक्यावर उभं! सगळीच नाणी तशी. सगळी एरर?
– निवृत्त शिक्षिका, नाशिक

थैलीभर एरर कुणालाच सापडत नाहीत, बाई. अमेरिकेची नाणी तशीच असतात. तिथे वरून खाली पलटलं की मागचं चित्र सरळ येतं. आपल्या प्रजासत्ताकाची नाणी डावीकडून उजवीकडे फिरवली की सरळ येतात. आपल्या नाण्यात मागची बाजू तिरकी किंवा उलटी आली, तर ठसा त्याच्या खोबणीत फिरला होता, आणि ती खरी चूक. नाणं मोडतोड न करता घरी असं करता येत नाही, म्हणून नवख्याने सुरुवात याच प्रकारापासून करावी. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन बोटांत धरून फिरवा. किंचित तिरकेपणा बऱ्याच नाण्यांत मिळतो, त्याचं कौतुक नाही. काटकोनात किंवा पार उलटं फिरलेलं असेल तर ठेवून द्या.

नाशकात आहात तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय बघून या, सोबत मुलीलाही न्या.

काही पत्रांना एकदमच उत्तर देतो.

मालेगावचे वाचक: रुपयाचं स्टीलचं नाणं सोनेरी झालंय, म्हणजे त्याला मुलामा दिलाय. लोहचुंबक लावा, चिकटेल. पिवळ्या पाचाच्या धातूवर चुकून रुपया छापला गेला असता तर चिकटला नसता. चुकीच्या ब्लँकचा संशय आला की आधी चुंबक, मग वजनकाटा. रंगावर कधीच जाऊ नका; शेगडी, सोनाराचं आम्ल आणि गटार हे तिघे मिळून कुठलाही रंग आणू शकतात.

म्हापशाच्या वाचक: ‘भारत’मधला ‘भा’ गायब आहे. ठशाच्या खाचेत वंगण आणि धातूची भुकटी साचली की अक्षर उमटत नाही. ते खरं असेल तर अक्षर हळूहळू पुसट होत जातं आणि जमीन, म्हणजे अक्षरांमागचा सपाट भाग, आजूबाजूसारखीच झळाळते. खरवडलेलं असेल तर तिथे जमीन किंचित खोल जाते आणि एका दिशेच्या बारीक रेघा दिसतात. उजेड तिरका पाडून बघा.

अकोल्याचे वाचक: वर्षाखालची खूण कुठल्या टांकसाळीची, असं विचारलंय. हिरा, तारा, ठिपका, काहीच नाही, हे अनुक्रमे मुंबई, हैदराबाद, नोएडा आणि कोलकाता. यापलीकडचं चिन्ह दिसलं तर हुरळून जाऊ नका. सुट्ट्या पैशांची टंचाई होती तेव्हा, १९८५ च्या सुमारास आणि पुन्हा नव्वदच्या दशकात, सरकारने ब्रिटन, कोरिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, स्लोव्हाकिया, रशिया इथल्या टांकसाळींतून नाणी पाडून आणली. ती त्यांची चिन्हं.

‘तुमचं वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखांना घेतो, आधी नोंदणी आणि कराचे साडेसात हजार भरा’ असा फोन आला. सोबत रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्रही पाठवलं. भरू का?
– शेतकरी, जालना

एक रुपयाही भरू नका, आणि भरला असेल तर आजच्या आज १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. आपल्या नावाने जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीवर शुल्क आणि कमिशन मागितलं जातंय, आपला अशा व्यवहारांशी काहीही संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय. खरा गिऱ्हाईक नाणं बघायला मागतो, उलटसुलट करतो, नाक मुरडतो, भाव पाडतो. जो नाणं न बघताच दहा लाख म्हणतो, त्याला तुमचं नाणं नकोच असतं. वैष्णोदेवीचं नाणं स्मारक म्हणून चलनात आलेलं, पुष्कळ निघालेलं नाणं आहे. देव्हाऱ्यात ठेवा, छान दिसतं.

आजीच्या पेटीत तांब्याची शिवराई सापडली. एका बाजूला ‘छत्र’ दिसतं, ‘पति’ अर्धं कापलं गेलंय. दुसरीकडे ‘सिव’ असं चुकीचं लिहिलंय आणि वरच्या बाजूला भोक आहे. एका डीलरने ‘तिहेरी एरर’ म्हणून विकत मागितली. खरंच एवढी दुर्मीळ आहे का?
– एक वाचक, वाई

डीलर हुशार दिसतो, पण घाईत आहे.

आतापर्यंत जे सगळं सांगितलं ते यंत्राच्या नाण्यांना लागू. शिवराईला यातलं काहीच लावायचं नाही. तिथे ना पट्टी, ना कॉलर, ना प्रेस. तांब्याचा वजनाबरहुकूम तोडलेला तुकडा ठोकून चपटा करायचा, खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, वरचा हातात धरलेला, आणि वरून घण. ठसा बहुतेक वेळा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठाच असे. म्हणजे पूर्ण मजकूर नाण्यावर मावायला जागाच नव्हती. ‘पति’ कापला जाणं हा तिथला रोजचा व्यवहार होता. ठोका देताना तुकडा हलला तर अक्षरं दुहेरी येत, तेही नेहमीचंच.

म्हणून बाजारभावाचं गणित इथे बरोबर उलटं होतं. रुपयाच्या नाण्याची छाप सरकली तर भाव चढतो. शिवराईत छाप नीट मध्यावर बसलेली, ‘श्री राजा शिव’ तिन्ही ओळी आणि ‘छत्र पति’ पूर्ण, भोवतीचं ठिपक्यांचं वर्तुळही बऱ्यापैकी दिसतंय, अशी मिळाली तर जाणकार जास्त पैसे मोजतो.

‘सिव’बद्दल. शिव, सिव, सीव ही सगळी रूपं शिवराई नाण्यांवर सापडतात. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर हे नाणं सुरू झालं, पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात वेगवेगळ्या टांकसाळींत पाडलं जात राहिलं, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावरही बाजारात फिरत राहिलं. इतक्या ठिकाणी, इतक्या कारागिरांनी ठसे खोदले. प्रत्येकाचा हात वेगळा. संग्राहक या रूपांना प्रकार म्हणून जमवतात, आणि एखादं रूप कमी सापडणारं असेल तर त्याला प्रकार म्हणूनच किंमत येते. तुमच्या नाण्याचा फोटो अंधारा आहे, दिवसाउजेडी पुन्हा काढून पाठवा. दोन ओळींच्या मध्ये जोडरेघ आहे का ते मला बघायचंय. असेल तर ती दुदांडी, म्हणजे उत्तरकाळातली.

भोक मात्र शुद्ध नुकसान आहे, बाजाराच्या हिशेबात. दोऱ्यात ओवून लेकरांच्या गळ्यात बांधायला अशी भोकं पाडत. भोकाचा काठ बघा: गुळगुळीत, झिजलेला आणि बाकी नाण्याच्याच रंगाचा असेल तर ते जुनं आहे, कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलंय. डीलरसाठी त्याने किंमत घटते. तुमच्या घरासाठी कशाला घटेल?

एक तपासणी मात्र करा. हल्ली गडांच्या पायथ्याशी ओतीव शिवराया विकायला असतात. ओतीव नाण्याच्या जाडीवर भोवताली जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा दिसतात, आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी बुडबुड्यांची छिद्रं. ठोकलेल्या नाण्याच्या कडेला बारीक चिरा असतात, कारण तांबं घणाखाली फाकतं. तुमच्या फोटोत उजव्या कडेला तशी एक चीर मला दिसली, ती शुभचिन्ह आहे.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की चिंच-मीठ लावून घासू का. अजिबात नाही. पितांबरी नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट तर नाहीच. तो काळा-हिरवट थर धरायला दोनेकशे वर्षं लागली आहेत. तो गेला की नाणं कालच्यासारखं लाल दिसतं आणि जाणकार हात लावत नाही. माती असेल तर साध्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी मऊ कपड्याने टिपा, पुसू नका. आणि फोटोत जाडीची बाजू दिसेल असं एक चित्र जरूर काढा.